पुठ्ठ्याचे टाइपरायटर

खांबेटेबाईंना राग आला की त्यांची बोटं चालू लागत. समोरचा माणूस बोलत असे, बाई त्याच्याकडे स्थिर नजरेने बघत असत, आणि खाली टेबलाच्या कडेवर, पर्सवर किंवा स्वतःच्या मांडीवर त्याचं बोलणं टाइप होत असे. आवाज अजिबात नाही. ओळ संपली की डावा हात किंचित वर येई, टाइपरायटरची कॅरेज, कागद धरणारा सरकता रूळ, मागे लोटल्यासारखा उजवीकडे सरके, आणि बोटं पुढच्या ओळीला लागत. ज्यांना ही सवय ठाऊक होती ते बोलता बोलता आवरतं घेत. ठाऊक नसलेले बोलत राहत आणि बाई शेवटच्या शब्दापर्यंत टाइप करीत राहत.

आवाज चढवलेल्या बाई मी कधी ऐकल्या नाहीत. जयपूरच्या मराठी मंडळींत मात्र त्यांची ओळख ‘त्या चिडक्या’ अशीच होती. ही मंडळी म्हणजे बदलीवर आलेल्या सरकारी नोकरांची कुटुंबं. वर्षाकाठी काही घरं जात, काही नवी येत. एका हळदीकुंकवाला कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हटलं, “वत्सलाताई, तुम्ही सगळं फार मनाला लावून घेता बाई.”

“मनाला नाही लावून घेत,” बाई म्हणाल्या. “लक्षात ठेवते.”

त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि घर बनी पार्कात, भाड्याचं. लग्नाआधी बाई पुण्याला एका कचेरीत टायपिस्ट होत्या. जयपूरला आल्यावर, पन्नासचं दशक संपत आलेलं असताना, किशनपोल बाजाराच्या आतल्या बाजूच्या एका मुलींच्या माध्यमिक शाळेत त्यांना नोकरी मिळाली. टायपिंग हा विषय शाळेत त्याच वर्षी सुरू झाला होता. शिकवणारं दुसरं कुणी मिळालं नाही, म्हणून त्या. मी त्यांच्या पहिल्या तुकडीत होते. वर्गात आम्ही त्यांना बहनजी म्हणत असू; शाळेबाहेर आम्हा एकदोन मराठी मुलींच्या तोंडी बाई.

विषयाबरोबर सरकारी अनुदानातून आठ नवे इंग्रजी टाइपरायटर आले. ते आले त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी मिळाली. यंत्रांना हार घातले, झाकणांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, नारळ फुटला. मग यंत्रं मुख्याध्यापिकेच्या खोलीशेजारच्या खोलीत गेली आणि दाराला कुलूप लागलं. किल्ली मंत्रीजींच्या कडदोऱ्याला. शाळा चालवणाऱ्या समितीच्या चिटणिसाला तिकडे मंत्री म्हणतात. आमच्या मंत्रीजींचं त्रिपोलिया बाजारात भांड्यांचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या छपराला पत्रे त्यांनी स्वतः उभं राहून घालून घेतले होते. पण वस्तू वापरली की खराब होते, ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती मुलींनी वापरली तर लवकर खराब होते, हे त्यांना वेगळं सांगावंसंही वाटत नसे.

बाईंनी किल्ली मागितली. मंत्रीजी म्हणाले, “बच्चियाँ हैं बहनजी. पहले सीख लें, फिर मशीन दे देंगे.”

यंत्राशिवाय शिकायचं आणि शिकून झालं की यंत्र मिळणार. बाईंची बोटं पर्सवर चालली. दुसऱ्या दिवशी त्या जौहरी बाजारातल्या साडीच्या दुकानांतून रिकामी खोकी मागून घेऊन आल्या.

खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येकीला एक टाइपरायटर मिळाला. शाईच्या दौतीचं बूच टेकवून वर्तुळं काढली होती, ओळी खऱ्या यंत्रासारख्या तिरक्या सरकवलेल्या, आत अक्षरं. महिनाभराने बाईंनी सगळे पुठ्ठे गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी नवे दिले. त्यांवर वर्तुळं होती, अक्षरं नव्हती. वर्गात रडारड झाली. बाई म्हणाल्या, “आँखें काग़ज़ पर. उँगलियों को अपना घर मालूम है.” कुणी पुठ्ठ्यावर बोट नुसतं टेकवलं तर म्हणत, “मारो. खिचड़ी में उँगली नहीं डुबो रही हो तुम.”

अक्षरं त्या मोठ्याने सांगत आणि सगळ्या मुली एका तालात बोटं आपटत. खऱ्या यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजते. पुठ्ठ्याला घंटी कुठली? बाई घरून पितळी पेला आणि चमचा घेऊन येत. ओळ संपली की पेल्यावर चमचा वाजे आणि सगळ्यांचे डावे हात एकदम उचलून उजवीकडे जात. शेजारच्या वर्गातल्या मुली दारातून डोकावत आणि विचारत, आज कुठल्या देवाची आरती आहे. बाईंना त्याचं काही नव्हतं. अख्खी तुकडी एकाच क्षणी ओळ बदलते, याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

त्या तुकडीत विमला होती. वडील अंथरुणाला खिळलेले, घर ताऊजींच्या, म्हणजे मोठ्या काकांच्या, हाती. विमलाचं लग्न ठरवायचं चाललं होतं. सचिवालयात टायपिस्ट मुली घेतात, ही बातमी बाईंनीच त्या घरी नेली. त्यांच्या गल्लीत जाऊन, ओट्यावर बसून, त्यांनी ताऊजींकडून शब्द घेतला की विमला टायपिंगची परीक्षा पास झाली तर तिला नोकरीचा अर्ज करू द्यायचा आणि लग्नाचं पुढे बघायचं. नापास झाली तर बाईंनी काही म्हणायचं नाही. ताऊजी म्हणाले होते, “पास करा दीजिए, हम रोकेंगे नहीं.” विमलाच्या सगळ्या आयुष्याचा निकाल त्या एका वाक्यावर टांगलेला होता, आणि ते बाईंइतकंच तिलाही ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत आम्ही चिंचा खात असू तेव्हा ती पुठ्ठा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत असे.

कुलूप अधूनमधून उघडत असे, तपासणीच्या दिवशी. सकाळी यंत्रं वर्गात मांडली जात, प्रत्येकासमोर एक मुलगी, आणि मंत्रीजी स्वतः बजावत फिरत, “हाथ रखना है, दबाना नहीं है.” एकदा आलेल्या इन्स्पेक्टर साहेबांनी विमलाला काही टाइप करून दाखवायला सांगितलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. विमलाने एक वाक्य टाइप केलं. कागद कोराच निघाला, कारण रिबनी वाळू नयेत म्हणून मंत्रीजींनी त्या काढून डब्यात घालून ठेवल्या होत्या. साहेबांनी कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरका धरला. टाइपांचे वळ उमटलेले दिसत होते. त्यांनी वळ वाचले: ‘गुड मॉर्निंग सर’. हसले, “बहुत अच्छा” म्हणाले आणि चहाला गेले. यंत्रात रिबन नाही हे त्यांना कळलं होतं. तरीही त्यांनी शेऱ्यात समाधानकारक असं लिहिलं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मंत्रीजींकडून समजलं.

साहेब चहाला गेल्यावर बाई विमलाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. बोटं चालत होती. खुर्चीत बसलेल्या विमलाला ती पाठीत जाणवत असणार. ती हलली नाही.

परीक्षा सांगानेरी गेटच्या बाहेरच्या एका मुलांच्या शाळेत होती. लांबलचक खोली, टाइपरायटरच्या रांगा, इतर शाळांची मुलं आणि मध्ये आमची रांग. बाईंना आत यायची परवानगी नव्हती. त्या व्हरांड्यात खिडकीपाशी उभ्या होत्या. परीक्षकांनी सुरू करा म्हटलं आणि खोलीभर टपटप सुरू झाली. आमच्या मुली चांगल्या चालल्या होत्या. डोळे कागदावर, बोटं आपापल्या घरी.

मग टोकाला बसलेल्या एका भरभर चालणाऱ्या मुलाच्या यंत्राची घंटी वाजली.

आमच्या रांगेतले सगळे डावे हात एकदम उचलले गेले आणि सगळ्या कॅरेज एकदम मागे गेल्या. कुणाची ओळ अर्धी होती, कुणाचा शब्द. लगेच दुसरीकडे घंटी वाजली, पुन्हा सगळे हात. मग तिसरी. आम्हाला एका घंटीची सवय होती. घंटी वाजली की ओळ संपली, इतकंच आमच्या हातांना शिकवलेलं होतं. प्रत्येक यंत्राची घंटी वेगळी आणि ती फक्त आपल्या ओळीसाठी वाजते, हे आम्हाला माहीत होतं, बाईंनी सांगितलंही होतं. हातांना ते माहीत नव्हतं. मुलं हसू लागली. परीक्षक खिडकीकडे वळून म्हणाले, “बहनजी, ये लड़कियाँ टाइप कर रही हैं कि ड्रिल?”

विमलाच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. तिने हात थांबवले, स्वतःच्या यंत्राकडे पाहिलं, घंटी कुठे आहे ते शोधलं, पुन्हा सुरू केलं. वेळ संपली तेव्हा तिचा उतारा अर्धाही झाला नव्हता. आमच्या रांगेतलं कुणीच पास झालं नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर बाई तांग्यांच्या अड्ड्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आल्या आणि तिथे थांबून म्हणाल्या, “ग़लती मेरी है. मैंने एक ही घंटी बजाई.” त्या दिवशी त्यांची बोटं चालत नव्हती. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या.

जूनमध्ये निकाल लागला. नापासांसाठी पावसाळ्यानंतर पुन्हा परीक्षा होती आणि ताऊजींनी तेवढी मुदत, तोंड वाकडं करून का होईना, दिली होती. देवउठनी ग्यारसेनंतर, म्हणजे आपल्या कार्तिकी एकादशीनंतर, लग्नं सुरू होतात, तोवर. जुलैत शाळा उघडल्याच्या दिवशी बाई किल्ली मागायला गेल्या. दार उघडं होतं आणि आम्ही व्हरांड्यात उभ्या होतो, त्यामुळे पुढचं स्वतः ऐकलेलं आहे.

मंत्रीजी शांतपणे म्हणाले, “देखिए, अच्छा हुआ ताला था. ऐसे हाथों में देते तो मशीनें बचतीं?”

बाईंनी सांगितलं की मुली नापास झाल्या त्याच मुळी यंत्रं कुलपात होती म्हणून. मंत्रीजी हसले. त्यांचं म्हणणं असं की फेल पढाई झाली आहे, मशीन नाही. आणि समितीच्या मनात टायपिंग बंद करून शिवणाचा वर्ग सुरू करावा असं आहे. बाईंची बोटं टेबलाच्या कडेवर चालू होती. मंत्रीजी बराच वेळ बोलले. त्यांचं संपल्यावर बाईंनी कॅरेज मागे लोटली, नमस्कार केला आणि बाहेर आल्या.

आम्हाला त्यांनी सांगितलं की उद्या शाळा सुटल्यावर वर्ग त्रिपोलियात भरेल. पुठ्ठा आणायचा. घरून एक पेला आणि एक चमचा आणायचा, प्रत्येकीने आपापला. ज्यांच्या घरी बाजारात बसलेलं चालणार नाही त्यांनी यायचं नाही, त्यांच्याबद्दल काही वाटणार नाही. हे सांगताना त्या विमलाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी विमला आली. बाई तिला म्हणाल्या, “तू घर जा.”

“बहनजी, फ़ेल तो मैं हुई हूँ,” विमला म्हणाली आणि बसली.

मंत्रीजींच्या दुकानासमोरच्या पायऱ्यांवर आम्ही दोन रांगा करून बसलो. मांडीवर पुठ्ठे, उजव्या हाताला पेला. बाई उभ्या राहून उतारा वाचत होत्या; प्रत्येकीने आपल्या वेगाने टाइप करायचं, आपली ओळ संपली की आपला पेला वाजवायचा आणि दुसरीच्या पेल्याकडे लक्ष द्यायचं नाही. पेले वेगवेगळ्या वेळी वाजू लागले. भांड्यांच्या दुकानापुढे पेले वाजतायत म्हणून आधी गिऱ्हाइकं जमली. एका बाईने मला पेल्याचा भाव विचारला. मग रिकामटेकडे जमले. सायकली थांबल्या. कुणीतरी विचारलं, “ये क्या हो रहा है, बहनजी?”

“टाइपिंग की क्लास है,” बाई म्हणाल्या. “मशीनें स्कूल में हैं. ताले में आराम कर रही हैं.”

हेच वाक्य त्या विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच आवाजात सांगत राहिल्या. मंत्रीजींनी आधी दुकानातल्या गड्याला पाठवलं, मग थंडाई पाठवली, मग स्वतः आले. बाजाराने त्यांना नावाने हाका मारायला सुरुवात केली होती. एक म्हातारा दुकानदार समोरून ओरडला, “सेठजी, बच्चियों से गिलास क्यों बजवा रहे हो, मशीन दे दो.” लोक हसले. मंत्रीजींनी सगळ्यांदेखत कडदोऱ्याची किल्ली सोडली. बाईंनी ती घेतली, धन्यवाद म्हणाल्या आणि हातातला उतारा शेवटपर्यंत वाचून मगच वर्ग सोडला.

खोली उघडली तेव्हा कुंकवाची स्वस्तिकं झाकणांवर तशीच होती. यंत्रांचे रबरी रूळ जयपूरच्या उन्हाळ्यांत बंद खोलीत तापून दगडासारखे झाले होते. डब्यातल्या रिबनी कोरड्या ठणठणीत. कितीतरी कळा अडकलेल्या. न वापरता जितकं खराब होता येईल तितकी ती यंत्रं खराब झाली होती. बाईंनी पदर खोचला, घरून शिवणयंत्राचं तेल आणलं आणि तीन यंत्रं चालू केली. उरलेली दुरुस्तीला गेली.

विमला त्यांतल्या एकाही यंत्राला हात लावायला आली नाही.

ती बाजारात, बाप्यांच्या गराड्यात, रस्त्यावर बसलेली दिसली, ही बातमी ताऊजींकडे तिच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. बाई त्यांच्या गल्लीत गेल्या. बरोबर मी होते, कारण विमलाचं घर मला माहीत होतं. या खेपेला कुणी बसा म्हटलं नाही. ताऊजी ओट्यावर, बाई खाली गल्लीत. बाईंनी सांगितलं की मुलींना मी बसवलं, जे काही बोलायचं ते मला बोला, जी शिक्षा द्यायची ती मला द्या.

ताऊजी तुसडेपणाने बोलले नाहीत. “बहनजी, ताला खुल गया, बधाई. आपको क्या सज़ा दें? आपके साहब का तो तबादला हो जाएगा. हमें इसी गली में रहना है.”

बाईंनी पर्सवर हात ठेवला होता. बोटं सुरू झाली आणि मध्येच थांबली. त्यांच्या बोटांनी अर्ध्यात सोडलेलं ते एकच वाक्य मी पाहिलं. त्या माणसाचा राग करण्याजोगं त्यात बरंच होतं. पण खोटं काही नव्हतं. दाराआड बांगड्या वाजल्या, कुणीतरी आत ओढलं गेल्यासारखं झालं, आणि आम्ही परत निघालो.

वाटेत त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. “मी तिला उठवून घरी पाठवायला हवं होतं,” म्हणाल्या. थोडं चालल्यावर म्हणाल्या, “आणि का म्हणून पाठवायचं होतं? तिनं काय केलं होतं? पुठ्ठ्यावर बोटं आपटली.” त्या रागाला कुठेच जागा नव्हती. मंत्रीजी अर्धे पडत होते, ताऊजी अर्धे, आणि उरलेला राग परत त्यांच्याच घरी येत होता. त्यानंतरही मी त्यांच्या वर्गात होते. पेला आणि चमचा पुन्हा दिसला नाही.

पुन्हा झालेल्या परीक्षेत आमच्यापैकी बहुतेक जणी पास झाल्या. विमलाचं लग्न ग्यारसेनंतर पहिल्याच मुहूर्तावर झालं. मुलगा सीकरचा, धान्याचा व्यापार. पुढच्या वर्षी खांबेट्यांची बदली नागपूरला झाली. शाळेत निरोपसमारंभ झाला. मंत्रीजींनी भाषणात सांगितलं की टायपिंगच्या शिक्षणात ही शाळा शहरात पुढे आहे आणि यंत्रं इतकी वर्षं जिवापाड जपली म्हणून हे शक्य झालं. टाळ्या पडल्या. त्यांना हे खरंच वाटत होतं, हे मी नंतर वर्तमानपत्रात काम करताना अशी पुष्कळ भाषणं टिपून घेतल्यावर ओळखायला शिकले. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “मेरी क्लास में एक लड़की कम है. उसका नाम विमला है,” आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना. हार घालणारी मुलगी पुढे आली तेव्हा कुठे सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

स्टेशनवर त्यांना पोचवायला मराठी मंडळी आली होती. डब्याच्या खिडकीतून दशम्या, लोणचं, पत्ते, निरोप असं आत-बाहेर चाललं होतं. एक काकू बाईंना म्हणत होत्या, आता नागपूरला आपली माणसं आहेत, तिथे नका हो अशा चिडू. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. दोन्ही हात खिडकीच्या लाकडी चौकटीवर होते आणि बोटं चालली होती, सवयीप्रमाणे.

एव्हाना मला बोटं वाचता येत होती. त्या बोलणाऱ्या बाईंचे शब्द तिथे नव्हते. डावी तर्जनी खाली. उजवं मधलं बोट वर. उजवी तर्जनी खाली. उजवी अनामिका जागच्या जागी. डावी करंगळी जागच्या जागी. इंग्रजीत पाच अक्षरांचं एक नाव. मग डावा हात उचलून कॅरेज मागे, आणि पुन्हा तेच नाव. खिचडीत बुडवल्यासारखी नव्हती बोटं. लाकडावर आपटत होती, आवाज येत होता. गाडी हलली, मंडळींनी हात हलवले. बाईंनी हलवला नाही. त्यांची ओळ संपलेली नव्हती.